राष्ट्राध्यक्ष जॉन्सन आणि नागरी हक्कांचे कायदे

गेल्या वर्षी याच व्याख्यानमालेत मी श्रोत्यांत बसलो होतो. व्याख्यान संपून प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा मागच्या रांगेतील एक वृद्ध गृहस्थ उठले आणि म्हणाले, "राज्यकर्त्याच्या मनात असेल तर एका सहीने न्याय मिळतो, मनात नसेल तर कितीही मोर्चे काढा, मिळत नाही. मग ही सारी चळवळ कशासाठी?" वक्ते मोठे विद्वान होते. त्यांनी लोकशाहीची तत्त्वे सांगून उत्तर दिले. गृहस्थ मान हलवून खाली बसले, पण त्यांचे समाधान झाले नव्हते हे चेहऱ्यावरून दिसत होते. माझेही झाले नव्हते. तीस वर्षे कामगारांत वावरताना हाच प्रश्न मी गेटसभांत शेकडो वेळा ऐकला आहे; तेथे राज्यकर्त्याच्या जागी मालक असतो, एवढाच फरक.

यंदा चालकांनी मलाच बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा तो प्रश्न मी घरी घेऊन गेलो. मी पदवीधर नाही. नववीनंतर कारखान्यात लागलो, आणि इंग्रजी जे काही आले ते सार्वजनिक वाचनालयात शब्दकोश शेजारी ठेवून आले. तेव्हा नावांच्या उच्चारांत चूक झाली तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे. उदाहरण मी अमेरिकेचे घेतले आहे, कारण तेथे अशी एक सही कशी झाली याची नोंद दिवसवार आणि मतवार मिळते. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन टेलिफोनवर कोणाशी काय बोलले, याच्या ध्वनिफितीसुद्धा टेक्सासमधील ऑस्टिन येथील त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत आणि लोकांना त्या ऐकता येतात. आमच्याकडे वाटाघाटींच्या खोलीत काय झाले हे बाहेरच्या कामगाराला कधी कळत नाही. येथे ते कळते.

'नागरी हक्क' हा शब्द आपणांस परका नाही. अस्पृश्यतेविरुद्ध १९५५ साली झालेल्या कायद्याला १९७६ साली 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' असे नाव देण्यात आले. अमेरिकेतही अर्थ तोच आहे. उपाहारगृहात बसण्याचा हक्क, शाळेत जाण्याचा हक्क, कामावर घेतले जाण्याचा हक्क, आणि मत देण्याचा हक्क. यादवी युद्धानंतर तेथील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. १८७० पर्यंत घटनेत दुरुस्त्या होऊन कृष्णवर्णीयांना नागरिकत्व आणि पुरुषांना मताधिकारही मिळाला. कागदावर सारे मिळाले होते. पुढे दक्षिणेकडील राज्यांनी वेगळी शाळा, वेगळा डबा, वेगळा नळ असे कायदे केले आणि १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांस मान्यता दिली. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलेल्या माणसाची साक्षरतेची परीक्षा घेत, आणि उत्तीर्ण कोण हे नोंदणी करणारा गोरा कारकून ठरवी. डॉ. आंबेडकरांना ही स्थिती चांगली ठाऊक होती. ते १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते, आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते व पंडित डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना या दोन समाजांच्या साम्याबद्दल पत्रही लिहिले होते.

आता राष्ट्राध्यक्ष याबाबत काय करू शकतो? आपल्याला वाटते, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणजे सर्वसत्ताधीश. प्रत्यक्षात तो कायदेमंडळात एक साधे विधेयकही मांडू शकत नाही. ते कोणा सभासदाला मांडावे लागते. तो सभागृहात बसत नाही, मत देत नाही. तो हुकूम काढू शकतो, परंतु जे त्याच्या हाताखाली आहे त्याच्यापुरताच. १९४१ साली असा एक हुकूम निघाला, आणि तो एका कामगार संघटनेने काढायला लावला, हे मला अभिमानाने सांगावेसे वाटते. रेल्वेच्या शयनयानांत प्रवाशांची बिछायत घालणारे, बूट पुसणारे हमाल जवळजवळ सारे कृष्णवर्णीय असत. त्यांची संघटना ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ साली बांधली, आणि पुलमन कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७ साल उजाडले. बारा वर्षे! युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कृष्णवर्णीयांना काम द्या, नाहीतर एक लाख लोक घेऊन राजधानीत येतो, असे रँडॉल्फ यांनी बजावले. मोर्चाच्या आठवडाभर आधी, २५ जून १९४१ रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि मोर्चा रद्द झाला. पुढे १९४८ साली ट्रुमन यांनी सैन्यातील भेद बंद करण्याचा हुकूम काढला. पण गावातल्या खाणावळीला, सिनेमागृहाला किंवा मतदार नोंदणीच्या कचेरीला अशा हुकुमाने हात लावता येत नव्हता. तेथे कायदाच हवा होता, आणि कायदा म्हणजे दोन्ही सभागृहे.

त्या सभागृहांचे कुलूप कोठे होते, हे समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. जॉन्सन ज्या डेमोक्रॅटिक पक्षाचे, त्याच पक्षाचे दक्षिणेकडील सभासद वर्णभेदाचे सर्वांत कट्टर रक्षक होते. दक्षिणेत त्या काळी दुसरा पक्ष जवळजवळ नव्हताच, म्हणून हे लोक वर्षानुवर्षे निवडून येत. आणि समित्यांचे अध्यक्षपद सेवाज्येष्ठतेने मिळे. सेवाज्येष्ठतेचे तत्त्व आम्हां कामगारांच्या जिव्हाळ्याचे आहे. त्याचा असाही उपयोग होतो हे वाचून मी जरा खजील झालो. नागरी हक्कांचे विधेयक ज्या समितीकडे जाई, त्या समितीचा अध्यक्ष नेमका दक्षिणेचा असे, आणि तो ते खणात ठेवून देई. त्यातूनही ते सुटले तर सिनेटमध्ये दुसरा उपाय होता. सिनेटमध्ये भाषणाला वेळेची मर्यादा नाही. एकेकाने उभे राहून बोलतच राहायचे, दिवसचे दिवस, आठवडेच्या आठवडे, म्हणजे मतदानच होत नाही. याला 'फिलिबस्टर' म्हणतात. ते थांबवायचे तर मतदानात दोनतृतीयांश मते लागत. शंभर सभासद हजर असले तर सदुसष्ट. १९६४ पर्यंत नागरी हक्कांच्या एकाही विधेयकावर ती मते पडली नव्हती.

अशा सभागृहात जॉन्सन वाढले. जन्म १९०८, टेक्सासच्या डोंगराळ, कोरड्या भागात. घरची स्थिती पुढे हलाखीची झाली. वीस वर्षांचे असताना त्यांनी कोटुला नावाच्या गावी मेक्सिकन मजुरांच्या मुलांच्या शाळेत शिकवले. मुले उपाशी शाळेत येत, हे ते कधी विसरले नाहीत. पण १९३७ साली प्रतिनिधिगृहात गेल्यावर पुढची वीस वर्षे नागरी हक्कांच्या प्रत्येक विधेयकाविरुद्ध त्यांनी मत दिले, अगदी झुंडीने माणसे फासावर लटकवण्याविरुद्धच्या विधेयकालासुद्धा. मतदारसंघ दक्षिणेचा, खुर्ची टिकवायची, हा हिशोब. काही चरित्रकार ही वीस वर्षे सारवून घेतात. मला ते पटत नाही. ज्यांच्याविरुद्ध ती मते गेली, त्यांची ती वीस वर्षे होती.

१९५५ साली ते सिनेटमध्ये बहुमतवाल्या पक्षाचे नेते झाले आणि १९५७ साली त्यांनी नागरी हक्कांचा एक कायदा पास करून दाखवला. १८७५ नंतरचा पहिला. परंतु दक्षिणेची संमती मिळवण्यासाठी त्यातील दात काढून टाकले होते. मताधिकार नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा करायची तर प्रकरण ज्यूरीपुढे नेण्याची वाट ठेवली, आणि दक्षिणेत ज्यूरी गोऱ्यांचीच असे. कोण कोणाला दोषी ठरवणार?

माझ्या उमेदवारीच्या काळातील एक गोष्ट येथे सांगतो. एका कारखान्यात आम्ही करार केला. कंत्राटी कामगारांस कायम करण्याचे कलम त्यात यावे यासाठी सतरा दिवस बाहेर बसलो होतो. कलम आले. आम्ही गुलाल उधळला. घरी येऊन मी करार पुन्हा वाचला, तेव्हा त्या कलमात 'व्यवस्थापन शक्यतो' असे दोन शब्द दिसले. सहीच्या घाईत माझे लक्ष गेले नव्हते. त्या 'शक्यतो'पायी पुढील चार वर्षांत एकही माणूस कायम झाला नाही. त्यांपैकी काही जण आजही मला रस्त्यात भेटतात आणि नमस्कार करतात. मला मान वर करवत नाही. १९५७ चा कायदा वाचताना मला ते दोन शब्द आठवले.

मात्र एक गोष्ट त्या वर्षी घडली. कुलूप उघडते हे दिसले, आणि किल्ली कोणाच्या हातात आहे हेही दिसले.

१९६३ च्या मे महिन्यात अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीत शाळकरी मुले रस्त्यावर आली. पोलिसांनी त्यांच्यावर कुत्रे सोडले, आगीच्या बंबाचे पाणी मारले. चित्रे जगभर गेली. हेच किंग १९५९ साली भारतात आले होते आणि मुंबईत मणिभवनात राहिले होते. सत्याग्रहाचा त्यांचा अभ्यास पुस्तकी नव्हता. ११ जूनला राष्ट्राध्यक्ष केनेडी दूरदर्शनवर बोलले आणि आठवड्याने त्यांनी विधेयक धाडले. २८ ऑगस्टला राजधानीत सुमारे अडीच लाखांचा मोर्चा निघाला. त्या मोर्चाचे नाव 'नोकऱ्या आणि स्वातंत्र्य' यांसाठीचा मोर्चा असे होते. 'नोकऱ्या' हा शब्द पुढे लोक विसरले. मोर्चाचे नेते होते तेच रँडॉल्फ, आता चौऱ्याहत्तर वर्षांचे; १९४१ साली राहून गेलेला मोर्चा त्यांनी बावीस वर्षांनी काढला. तेथील मध्यवर्ती कामगार संघटनेने मोर्चाला अधिकृत पाठिंबा दिला नाही, हे मला लपवता येणार नाही; वाहन कामगारांचे वॉल्टर रॉयथर मात्र व्यासपीठावर होते. तरीही त्याच मध्यवर्ती संघटनेने विधेयकात नोकरीतील भेदभावाविरुद्ध कलम हवेच असा आग्रह धरला. केनेडींच्या मूळ मसुद्यात ते कलम नीट नव्हतेच.

२२ नोव्हेंबरला केनेडींचा खून झाला. विधेयक तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या नियम समितीत अडकलेले होते. समितीचे अध्यक्ष व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ, वय ऐंशी.

पाच दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, जॉन्सन दोन्ही सभागृहांपुढे उभे राहिले आणि म्हणाले की, दिवंगत अध्यक्षांचे खरे स्मारक म्हणजे हे विधेयक लवकरात लवकर पास करणे. देश शोकात होता. शोकाची ती लाट किती दिवस टिकते हे त्यांना माहीत असले पाहिजे. तत्पूर्वीच त्यांनी टेलिफोन हातात घेतला होता. किंग, रॉय विल्किन्स, व्हिटनी यंग, रँडॉल्फ या साऱ्यांशी ते पहिल्या काही दिवसांतच बोलले. फिती ऐकणाऱ्यास या बोलण्यांत तत्त्वज्ञान फारसे सापडत नाही. अमक्याचे मत कोठे आहे, तमक्यावर कोणाचे वजन आहे, हीच चर्चा. नियम समितीच्या तावडीतून विधेयक सोडवायचे तर सभागृहातील निम्म्याहून अधिक, म्हणजे २१८ सभासदांच्या सह्या एका अर्जावर लागत. त्या सह्यांसाठी त्यांनी कामगार पुढाऱ्यांना, धर्मगुरूंना, वृत्तपत्रांच्या मालकांना कामाला लावले. २१८ पुऱ्या व्हायच्या आधीच स्मिथ यांनी ओळखले की आता लाज जाणार, आणि जानेवारी १९६४ मध्ये विधेयक त्यांनी स्वतःच हातावेगळे केले. सह्यांच्या मोहिमेचा असा परिणाम आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. सह्या पुऱ्या होण्यापेक्षा त्या वाढत आहेत ही बातमीच पुष्कळदा काम करते.

जाताजाता स्मिथ यांनी एक खोडी केली. नोकरीतील भेदभावाच्या कलमात 'वर्ण, धर्म' इत्यादींच्या जोडीला 'लिंग' हा शब्द घालण्याची दुरुस्ती त्यांनी मांडली. सभागृहात हशा पिकला. त्यांचा हेतू काय होता याविषयी आजही वाद आहे, परंतु सभागृहातील बहुतेक स्त्री-सभासद त्या दुरुस्तीच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि ती मंजूर झाली. अमेरिकेतील स्त्रियांना नोकरीत समान वागणूक मागण्याचा सर्वांत मोठा कायदेशीर आधार अशा रीतीने मिळाला. १० फेब्रुवारी रोजी प्रतिनिधिगृहाने २९० विरुद्ध १३० मतांनी विधेयक मंजूर केले.

आता सिनेट. येथे जॉन्सन यांनी आधी एक वाट मोकळी करून ठेवली, तिच्याकडे लक्ष द्यावे. करकपातीचे एक विधेयक सिनेटच्या अर्थसमितीत पडून होते. नागरी हक्कांचे विधेयक आधी आले असते, तर दक्षिणेच्या सभासदांनी करविधेयक ओलीस धरले असते: हे सोडा, मग ते देतो. अर्थसमितीचे अध्यक्ष हॅरी बर्ड यांची अट होती की अंदाजपत्रक १०० अब्ज डॉलर्सच्या खाली आले पाहिजे. जॉन्सन यांनी खात्याखात्यांवर कात्री चालवून ते खाली आणले, आणि फेब्रुवारीअखेर करविधेयकाचा कायदा झाला. आता शत्रूच्या हाती ओलीस धरण्याजोगे काही उरले नाही. ज्याने कधी मागणीपत्रकावर वाटाघाटी केल्या आहेत, त्याला ही खेळी किती मोलाची हे सांगावे लागणार नाही. पुढे सिनेटमधील नेते माइक मॅन्सफील्ड यांनी विधेयक मिसिसिपीच्या ईस्टलंड यांच्या न्यायसमितीकडे जाऊच दिले नाही. थेट सभागृहापुढे आणले.

चर्चा मार्चअखेर सुरू झाली. दक्षिणेच्या गटाचे नेते होते जॉर्जियाचे रिचर्ड रसेल. जॉन्सन यांना सिनेटमध्ये वर आणणारे तेच. जॉन्सन त्यांना वडिलांसारखे मानत. आता समोरासमोर. पूर्वीच्या अध्यक्षांच्या काळी दक्षिणेचे लोक बोलत राहत आणि शेवटी कोणीतरी म्हणे, एवढे एक कलम काढा, बाकीचे देतो. १९५७ साली ती तडजोड घडवणारे जॉन्सनच होते. या वेळी त्यांनी जाहीर केले की तडजोड नाही. सिनेटने हवा तेवढा वेळ घ्यावा, दुसरे काम पुढे येणार नाही. रसेल यांची सारी भिस्त समोरचा माणूस कंटाळण्यावर होती.

सभागृहातील काम ह्यूबर्ट हंफ्री यांच्याकडे होते. फिलिबस्टर करणारे लोक अधूनमधून गणपूर्तीची मोजणी मागत. एक्कावन्न सभासद हजर नसले की कामकाज तहकूब, आणि त्यांना विश्रांती. म्हणून हंफ्रींनी आपल्या बाजूच्या सभासदांच्या पाळ्या लावल्या: अमुक दिवशी अमुक इतके जण इमारतीबाहेर जाणार नाहीत. संपाच्या वेळी गेटवर आम्ही ज्या पाळ्या लावतो, अगदी तशा. तरी सदुसष्ट मते आपल्या पक्षात नव्हती. ती विरुद्ध पक्षातून, रिपब्लिकनांतून, आणायची होती, आणि तेथील चावी इलिनॉयचे एव्हरेट डर्कसन यांच्याकडे. जॉन्सन यांनी हंफ्रींना सांगितले की डर्कसन यांना भेटत राहा, त्यांचे ऐका, श्रेय त्यांना घेऊ द्या. स्वतः ते पुढे आले नाहीत. हा मनुष्य एरवी श्रेयाचा किती हावरट होता हे ज्यांनी वाचले आहे, त्यांनाच या गोष्टीची किंमत कळेल. मध्यपश्चिमेच्या शेतकरी राज्यांतील जे सभासद होते, त्यांच्या मतदारसंघांत कृष्णवर्णीय मतदार नावालाच. त्यांच्यावर वजन कोणाचे? चर्चचे. गावोगावच्या धर्मगुरूंनी आपल्या सभासदांना पत्रे धाडली, आणि धर्मशिक्षण घेणारे विद्यार्थी लिंकनच्या स्मारकापाशी रात्रंदिवस प्रार्थनेला उभे राहिले.

१० जून १९६४ रोजी, चर्चेचे जवळजवळ साठ दिवस झाल्यावर, मतदान झाले. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड त्या सकाळपर्यंत चौदा तासांहून अधिक बोलत होते. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल मेंदूच्या गाठीने आजारी होते. त्यांची वाचा गेली होती. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आत आणले. नाव पुकारल्यावर ते बोलू शकले नाहीत. त्यांनी हात उचलून आपल्या डोळ्याकडे बोट दाखवले. इंग्रजीत 'डोळा' आणि 'होय' यांचा उच्चार एकच आहे. त्यांचे मत नोंदले गेले. ७१ विरुद्ध २९. त्या एकाहत्तरांत सत्तावीस रिपब्लिकन होते. जुलैअखेर एंगल वारले.

२ जुलै रोजी जॉन्सन यांनी सही केली. त्यासाठी सत्तरहून अधिक लेखण्या वापरून त्या वाटून टाकल्या. मला हा प्रकार जरा बालिश वाटतो, पण असो. हॉटेल, खाणावळ, सिनेमागृह येथे वर्णावरून अडवणे बेकायदा ठरले. केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेत भेदभाव झाला तर पैसा बंद करण्याची तरतूद झाली. नोकरीतील भेदभावास बंदी झाली, आणि ती बंदी मालकांइतकीच कामगार संघटनांनाही लागू झाली. तेव्हा तेथे रेल्वेच्या काही जुन्या संघटनांचा इतिहास असा होता की त्यांच्या घटनेतच सभासद 'गोरा' असावा अशी अट होती. आमच्याच घरची ही घाण राज्यकर्त्याला कायदा करून काढावी लागली. आणि त्या 'शक्यतो'चीही आठवण ठेवली पाहिजे. डर्कसन यांची मते मिळवताना नोकरीविषयक आयोगाचा खटला भरण्याचा अधिकार काढून घेतला होता. आयोगाने मध्यस्थी करायची, न जमल्यास कामगाराने स्वतः कोर्टात जायचे. तो अधिकार आयोगाला मिळायला १९७२ साल उजाडले.

ऑगस्टमध्ये जॉन्सन यांचे दुसरे रूप दिसले. मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांनी स्वतंत्र पक्ष स्थापून डेमोक्रॅटिक अधिवेशनात आपले प्रतिनिधी आणले. शेतमजूर बाई फॅनी लू हेमर समितीपुढे तुरुंगात खाल्लेल्या माराची हकिकत सांगत होत्या, दूरदर्शनवर ती सर्वत्र दिसत होती, तोच जॉन्सन यांनी घाईने पत्रकार बोलावले, केवळ प्रक्षेपण तिकडे वळावे म्हणून. या प्रतिनिधींना दोन जागा देऊ केल्या. त्यांनी त्या नाकारल्या. निवडणूक जवळ होती, दक्षिण हातची जाईल ही भीती होती. भीती खोटी नव्हती. नोव्हेंबरात ते प्रचंड मतांनी निवडून आले, परंतु खोल दक्षिणेतील पाच राज्ये गमावून.

यानंतर मताधिकाराच्या नव्या कायद्याला ते थांबा म्हणू लागले. देशाला श्वास घेऊ द्या, एवढ्यात नको. किंग थांबले नाहीत. अलाबामातील सेल्मा गावी शंभरात दोन-तीन कृष्णवर्णीय मतदारच नोंदलेले होते. ७ मार्च १९६५ रोजी सहाशेच्या आसपास लोक पुलावरून निघाले असता घोडेस्वार पोलिसांनी त्यांना झोडपून काढले, आणि त्या रात्री घरोघरी ते दिसले. आठ दिवसांनी, १५ मार्चला, जॉन्सन पुन्हा दोन्ही सभागृहांपुढे आले. त्यांनी कोटुलाच्या मुलांची आठवण सांगितली आणि चळवळीच्या गाण्याचे शब्द स्वतःच्या तोंडून उच्चारले. आधी 'थांबा' म्हणणारा मनुष्य मार्चमध्ये विधेयक घेऊन उभा होता. त्या वृद्ध गृहस्थांना मी हा आठवडा दाखवीन.

या १९६५ च्या कायद्यावर थोडे थांबतो, कारण १९५७ सालची चूक येथे सुधारलेली दिसते. पूर्वी एकेका अधिकाऱ्यावर एकेक खटला भरावा लागे, वर्षे जात, तोवर अधिकारी नवी युक्ती काढी. नव्या कायद्याने ओझे उलटवले. जेथे परीक्षेची अट होती आणि १९६४ च्या निवडणुकीत निम्म्याहून कमी लोक नोंदलेले किंवा मत दिलेले होते, तेथे परीक्षाच बंद. तेथे मतदानाचा कोणताही नियम बदलायचा तर आधी केंद्राची परवानगी. आणि स्थानिक कारकून नाव नोंदवत नसेल तर केंद्राचा माणूस तेथे जाऊन नोंदवणार. ६ ऑगस्टला सही झाली, आणि चारच दिवसांनी नऊ जिल्ह्यांत केंद्राचे नोंदणी अधिकारी टेबल टाकून बसले. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी कायद्यापूर्वी शेकडा सातही नव्हती. १९६७ पर्यंत ती शेकडा साठाच्या आसपास गेली. शंभर वर्षे जे घटनेत लिहिलेले होते, ते दोन वर्षांत यादीत आले. आपल्याकडे किमान वेतनाचा कायदा आणि कारखान्याच्या मस्टरवरील नाव यांत केवढे अंतर असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या टेबलांचे महत्त्व पटेल.

हे टेबलही कायमचे नव्हते. २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, कोणत्या राज्यांना परवानगी लागेल हे ठरवणारे सूत्र रद्द केले. परवानगीचे कलम पुस्तकात राहिले, पण लावायचे कोणाला हे राहिले नाही. टेक्सास राज्याने, जॉन्सन यांच्याच राज्याने, मतदारांच्या छायाचित्र-ओळखपत्राचा अडवून ठेवलेला कायदा लागू करत असल्याचे त्याच दिवशी जाहीर केले.

जॉन्सन यांचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. व्हिएतनामच्या युद्धाने पैसा खाल्ला, माणसे खाल्ली आणि मैत्र्याही खाल्ल्या. १९६७ साली किंग यांनी युद्धाविरुद्ध उघड भाषण केले, आणि दोघांचे संबंध तुटले. ३१ मार्च १९६८ रोजी, आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही, असे जॉन्सन यांनी जाहीर केले.

त्या वेळी किंग एका संपाच्या कामात होते. टेनेसीतील मेम्फिस शहरात कचरा उचलणारे तेराशे कामगार १२ फेब्रुवारीपासून संपावर होते. त्याआधी पावसात आडोशाला गाडीच्या मागे बसलेले दोन कामगार कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडून मेले होते. मागण्या होत्या संघटनेच्या मान्यतेच्या आणि पगाराच्या. गळ्यातल्या फलकावर मात्र एवढेच लिहिलेले असे की 'मी माणूस आहे'. ४ एप्रिलला तेथेच किंग यांचा खून झाला. घरे भाड्याने देताना, विकताना भेद करण्यास बंदी घालणारे विधेयक सिनेटमधून सुटून प्रतिनिधिगृहात अडले होते. ते १० एप्रिलला मंजूर झाले आणि ११ तारखेला जॉन्सन यांनी त्यावर सही केली. याच सुमारास त्यांनी आपल्या श्रमखात्याचे उपमंत्री जेम्स रेनॉल्ड्स यांना मेम्फिसला धाडले. मेम्फिसचे महापौर संघटनेला मान्यता देणार नाही या शब्दावर अडून होते. रेनॉल्ड्स एकदा या खोलीत, एकदा त्या खोलीत असे दिवसेंदिवस बसले. १६ एप्रिल रोजी करार झाला. त्यात मान्यता होती, पगारवाढ होती, आणि वर्गणी कापून घेण्याची व्यवस्थाही होती. कामगारांनी तो सभेत वाचून घेतला, मग उभे राहून मंजूर केला, आणि दुसऱ्या दिवशी गाड्या बाहेर काढल्या.